रात्री सर्व्हर मोकळा असतो

पिंपळवंडीत सकाळी दहा वाजता कोणी अंथरुणात दिसलं, तर लोक आधी विचारतात, ताप आलाय का. वैजयंतीच्या दिराला गेली तीन वर्षं रोज ताप असावा, अशा त्याच्या वेळा होत्या. ऋषी दुपारी साडेबारा-एकला उठायचा, तोंड धुवायला अर्धा तास लावायचा, जेवून मोबाइल घेऊन ओट्यावर बसायचा, संध्याकाळी पुन्हा तासभर आडवा व्हायचा. आणि घरातली बाकी माणसं अंथरुणाला पाठ टेकायला लागली, की या साहेबांचा दिवस उजाडायचा. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. म्हणजे त्याच्या खोलीतला दिवा तरी करत होता. दिवा रात्रभर जळतो, एवढं अख्ख्या आळीनं पाहिलेलं होतं.

"माझं पोरगं रात्रीचा दिवस करतंय," सासूबाई प्रयागबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. ते दिवसाची रात्र करतंय त्याचं काय, हे वैजयंतीच्या अगदी ओठावर यायचं. पण पंधरा वर्षांच्या संसारात ओठावरचं गिळायची तिला सवय झाली होती. पोराची झोप मोडू नये म्हणून सकाळी घरात मिक्सर लावायची बंदी होती. चटणी वाटायची तर मिक्सर उचलून गोठ्यातल्या बटणावर न्यायचा. गायींची झोप मोडली तर चालत होती, त्या कुठं अधिकारी होणार होत्या?

मोटारीला रात्रीची लाईट असायची त्या आठवड्यात तर बघायलाच नको. वैजयंतीचा नवरा रामनाथ दिवसभर पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या मार्केटला पोचवायचा आणि रात्री दोनला गजर लावून उसाला पाणी द्यायला उठायचा. हातात बॅटरी, काठी, आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी, बिबट्याला माणूस आलाय हे कळावं म्हणून. त्या वेळी टक्क जागा असलेला धाकटा भाऊ खिडकीतून म्हणायचा, "दादा, लाईट आली बरं का. जपून जा." आणि खिडकी लावून घ्यायचा, डास येतात म्हणून.

अशा माणसाला गावात मान मिळावा, हे वैजयंतीला कधी कळलंच नाही. पण मिळाला होता. झालं असं, की शेजारच्या सावळेरामांचा पीकविम्याचा फॉर्म दिवसभर भरला जात नव्हता, चक्र नुसतं गरगर फिरत होतं. तो ऋषीनं रात्री अडीच वाजता भरून दिला. दुसऱ्या दिवशी सावळेराम पारावर बसून सांगत होते, "रात्री सर्व्हर मोकळा असतो राव! सगळं जग झोपल्यालं, ह्यो एकटा जागा." झालं. तेव्हापासून लोक आळेफाट्याच्या सेवा केंद्रावर जायचे ते थांबले आणि कागद आणून ऋषीच्या स्टुलावर ठेवू लागले. काही फॉर्म भरले जायचे, काही राहायचे. राहिला तर दोष सर्व्हरचा, आणि भरला तर हुशारी ऋषीची.

बावीस तारखेला जाहिरात निघाली. नारायणगावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती. दहावी पास, वय अडतीसच्या आत, अर्ज फक्त ऑनलाइन, एकतीस तारखेला रात्री बारापर्यंत. वैजयंतीनं ती जाहिरात रामनाथच्या मोबाइलवर चार वेळा वाचली. पुढच्या महिन्यात तिला अडतीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ, यानंतर नाही. तिला ती नोकरी हवी होती, अगदी हावऱ्यासारखी हवी होती. सकाळी नऊला साडी बदलून घराबाहेर पडायचं, शंभर पोरींना जेवू घालायचं, आणि महिन्याला स्वतःच्या नावावर पगार घ्यायचा. एवढं मोठं काही तिनं आयुष्यात मागितलं नव्हतं.

आळेफाट्याला जायचं तिच्या मनात होतं. रामनाथ म्हणाला, "कशाला जातीस? निम्मं गाव आपल्याकडं फॉर्म भराया येतंय, अन् तू बाहीर चाललीस व्हय? लोकं काय म्हणतील?" सासूबाईंनी मान डोलावली. आणि इथं वैजयंतीची अक्कल शेण खायला गेली. दिराला ती नखशिखांत ओळखत होती, तरी शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो नेऊन तिनं त्याच्या उशाशी ठेवले.

"भावजी, तेवढं माझं बघा."

"ठेवा वहिनी, आज रात्री करतो."

त्या रात्री साइट स्लो होती. दुसऱ्या रात्री इतिहासाची उजळणी होती. तिसऱ्या रात्री डोकं दुखत होतं, तेही बारानंतर, कारण त्याआधी मित्राशी हसतखिदळत बोलताना दुखत नव्हतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या रात्रीची कारणं तिनं विचारलीच नाहीत. विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "त्याच्या मागं नको लागू, त्याचं चित्त हलतंय."

एकतीस तारखेला रात्री नऊ वाजता ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो नुकताच संध्याकाळच्या झोपेतून उठून जांभया देत होता.

"भावजी, आज शेवटचा दिवस हाय."

"माहितीय ना. अख्खी रात्र पडलीय, वहिनी. तुमचा मोबाइल ठेवून जा, ओटीपी येईल त्याच्यावर."

तिनं आपला साधा, बटणांचा मोबाइल ठेवला. पहाटे साडेचारला धारा काढायला उठायचं होतं, म्हणून जाऊन झोपली. उठली तेव्हा त्याच्या खोलीतला दिवा बंद होता, आणि तिला बरं वाटलं. काम झालं म्हणूनच झोपला असणार.

ती सकाळ तिला फार गोड गेली. दूध घालून येताना डेअरीवर तिनं साळुबाईला सांगूनसुद्धा टाकलं, "मी फॉर्म भरलाय." नऊ वाजले, अकरा वाजले. मोबाइल त्याच्या उशाखाली होता आणि दार लोटलेलं होतं. त्याला उठवायची घरात रीत नव्हती. वैजयंती कांदे निवडत ओट्यावर बसून राहिली, एखाद्या साहेबाच्या केबिनबाहेर बसावं तशी.

पाऊण वाजता ऋषी डोळे चोळत बाहेर आला. "वहिनी, साइट बंद दाखवत होती."

तिच्या हातातला कांदा हातातच राहिला. "कधी?"

"काल रात्री. मी एकतीस तारखेलाच बसलो होतो भरायला."

"किती वाजता बसला व्हतात?"

"दीड वाजला असेल."

"दीड वाजता पैली तारीख लागली व्हती, भावजी."

ऋषी वैतागला. त्याला हे खरोखरच पटत नव्हतं. "अहो, मी झोपलोच नव्हतो ना अजून! माझी एकतीसच चालू होती."

दोन पदव्यांचा अभ्यास केलेला, चालू घडामोडी पाठ असलेला माणूस हे बोलत होता, आणि त्याच्या तोंडावर लाजेचा लवलेशही नव्हता. आपण डोळे मिटल्याशिवाय सरकारची तारीख बदलत नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आणि का नाही चालणार? त्याच्यासाठी अख्खं घर मिक्सर घेऊन गोठ्यात जात होतं.

"हळू बोल गं," आतून प्रयागबाई म्हणाल्या, "आत्ता उठलाय त्यो. तुझ्याच कामासाठी जागला रातभर."

वैजयंतीला त्याची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची आली. आळेफाटा एसटीनं जेमतेम वीस मिनिटांवर होता.

"जाऊ द्या वहिनी," ऋषी समजुतीनं म्हणाला, "पुढच्या वर्षी निघेल की परत जाहिरात. तेव्हा पहिल्याच दिवशी भरून टाकू."

ती उठली, त्याच्या खोलीत गेली आणि उशाशी पडलेला दाखला घेऊन आली. तो तिनं त्याच्या हातात दिला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"वाचा, भावजी."

ऋषीनं वाचली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.