एतेल्काबाईंनी आखलेली वाट

एतेल्का वाडकेर्ती या बाई ज्या हायस्कुलात शिकल्या, तिथेच त्यांनी जन्मभर शिकवलं. पण शेवटची परीक्षा मात्र त्यांनी परगावी जाऊन दिली होती. हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या भूगोल शिकवत. आवाज खणखणीत, आणि चुकीचा नकाशा काढणाऱ्याची धडगत नसे.

शाळा लाल विटांची, दुमजली, मधल्या अंगणाभोवती चौफेर बांधलेली. गावच्या धान्य-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती उभारली, तेव्हा तिसा नदी आपल्याला श्रीमंत करणार अशी त्यांची खात्री होती. नदीने तळमजल्याच्या भिंतीवर पुराची रेघ तेवढी सोडली. सुरुवातीला इथे फक्त मुलगे शिकत. मुलींना घ्यायची वेळ आली तेव्हा कर्त्या मंडळींनी त्यांच्यासाठी मागे वेगळा जिना काढला, जणू पुढच्या जिन्यावर मुलगी दिसली तर आभाळच कोसळणार होतं. युद्धात वर्गांमधून जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. मग साम्यवादी सरकार आलं. दारावरच्या कोनाड्यातला संत काढून नेला आणि कोनाडा रिकामाच राहिला. पोरं त्यात चेस्टनट फेकून नेम धरायची.

त्याच दिवसांत एतेल्का शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, म्हणजे त्या काळच्या भाषेत ते जनतेचे शत्रू. एप्रिलात तिला शाळेतून काढलं. आमच्याकडे, तिसाकाठी, मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मुलं शाळेचा निरोप घेतात. एका खांद्याला कापडी झोळी, झोळीत मीठ, पोगाचा नावाचा छोटा खारा पाव आणि अंगणातली चिमूटभर माती. हात पुढच्याच्या खांद्यावर, तोंडाने गाणं. अशी एकच लांब रांग प्रत्येक वर्गातून फिरते, दाराशी उभे असलेले शिक्षक निरोप देतात, आणि रांग मोठ्या दरवाज्यातून बाहेर पडते. त्या वर्षीची रांग एतेल्काने समोरच्या फुटपाथवरून पाहिली.

पुढे तिने वीटभट्टीवर काम केलं, बाहेरून परीक्षा दिली, शिक्षिका झाली आणि हट्टाने याच शाळेत परतली. रांगेच्या पुढे वर्गशिक्षिका चालते. पण गिरणीवाल्याच्या पोरीला वर्गशिक्षिका कोण करणार? वारं फिरल्यावर तेही विचारून झालं, तेव्हा बाईंनीच नाही म्हटलं. दरवर्षी रांगेची वाट मात्र त्याच आखत, आणि वर जिन्याशेजारच्या आपल्या वर्गाच्या दारात उभ्या राहून निरोप देत. आपण या शाळेतून कधी नीट बाहेर पडलोच नाही, हे त्यांना फार सलत होतं. पण बोलून दाखवतील तर त्या एतेल्काबाई कसल्या.

त्या निवृत्त होणार त्याच वर्षी शाळाही हलायची ठरली. बस डेपोमागे काँक्रीटची नवी इमारत तयार होती. जुन्या इमारतीत कचेऱ्या येणार होत्या. मुख्याध्यापक बार्नाबाश बाईंचाच जुना विद्यार्थी. तो वाटेचा कागद घेऊन आला.

"बाई, मुलींचा जिना इंजिनिअरने बंद केलाय. यंदा रांग खालीच फिरवू."

"आणि वरच्या वर्गांनी काय पाप केलंय? शेवटचं वर्ष आहे, बार्नाबाश."

"अहो, पण जिना एकच. चढणारे आणि उतरणारे मध्येच धडकतील."

"नाही धडकणार. पुढचं टोक वर फेरी मारून जिन्याशी येईल, तोवर शेपूट वर आलेलं असेल. मग उतरा खुशाल. तुला नकाशा कधी कळला होता?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "यंदा तुम्हीही रांगेत या की."

"म्हातारपणी माझं हसं करतोस होय?" बाई म्हणाल्या आणि फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता.

निरोपाच्या दिवशी बाईंचा हिशोब बरोबर निघाला, आणि तिथेच घोळ झाला. रांगेच्या पुढे पिरोश्का नावाची वर्गशिक्षिका होती. रडून रडून तिचा चष्मा धुरकट झाला होता. ती फेरी संपवून जिन्याशी आली, नेमका तेव्हाच रांगेतला शेवटचा मुलगा, उंच तिहामेर, जिना चढून तिच्यासमोरून वळला. पिरोश्काला समोर खांदा दिसला. आमच्याकडे त्या दिवशी समोर खांदा आला की हात आपोआप जातो. तिने हात ठेवला आणि निघाली त्याच्यामागे.

रांगेचं कडं झालं. सगळी मुलं गात पुन्हा वर्गावर्गातून फिरू लागली. घोळ कळला त्यांनाही, पण थांबायची घाई कुणालाच नव्हती. बाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत.

बार्नाबाश धापा टाकत वर आला. "बाई, खाली आईबाप फुलं घेऊन ताटकळलेत. हे काय चाललंय?"

"फिरताहेत."

"ते दिसतंय मला. सोडवा आता. वाट तुम्ही आखलीत."

पिरोश्का पुन्हा समोर आली तेव्हा बाईंनी तिचा हात तिहामेरच्या खांद्यावरून उचलला आणि तिला जिन्याकडे वळवलं. "अगं, इकडे. चष्मा पूस आधी." रांग उलगडत उतरू लागली. एकेक चेहरा समोरून गेला. सरतेशेवटी फेरी पूर्ण करून तिहामेर आला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

बाईंना एकाएकी रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. दोन पावलं पुढे होऊन त्यांनी त्याच्या खांद्याकडे हात उंचावला. तिहामेरने मान वळवून पाहिलं आणि चालता चालताच जरा वाकला.

"पोचतोय का बाई?"

"पोचतोय. तू पुढे बघ, पायरी आहे."

बार्नाबाश बघत होता. बाईंचा वर्ग मागे राहिला होता, आणि त्याच्या दारात निरोप द्यायला कुणीच उरलं नव्हतं. तो जाऊन तिथे उभा राहिला, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत एकटाच गाणं म्हणत राहिला.