भागाआत्याची जोडी

भागाआत्या नवा माणूस पाहायची तो काचेतून. दाराशी कोणी आलं की हातातली तसबिरीची काच पुसता पुसता ती डोळ्यांसमोर उभी धरायची आणि काचेआडून त्याला न्याहाळायची. "त्याला वाटतं बाई काच बघतीय," ती सांगायची. "म्हणून तोंड मोकळं ऱ्हातं. तोंड मोकळं असलं की लबाडी दिसती."

मलाही तिनं असंच न्याहाळलं. १९३४च्या सुमाराची गोष्ट. मी वेंगुर्ल्याकडचा, खाडीकाठचा. वडील गेले तेव्हा शाळा चौथीत सुटली. पुढे विशीपर्यंत जिथे गेलो तिथून कोणी ना कोणी हाकललंच. नाशिकला आलो तेव्हा घरी आईला एवढंच सांगितलं होतं की आता टिकेन. टिकेन याचा भरवसा मला स्वतःलाच नव्हता.

आत्याचा कारखाना गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटाजवळ होता. देवांच्या तसबिरींना चौकटी आणि काचा बसवायच्या, यात्रेकरूंना विकायच्या. आत्या माळ्याची लेक, फुलांच्या मळ्यात वाढलेली. काच कापायला नवऱ्याकडून शिकली आणि तो गेल्यावर कारखाना तिनं एकटीनं चालवला. दारातच तिनं स्वतः बांधलेली, पत्र्याच्या कडांची मोठी काचपेटी होती. तीत दोन रुंद मासे होते, हिरवट अंगाचे, मोत्यासारख्या ठिपक्यांचे. ते दिसले आणि मी नोकरीचं विचारायचं विसरलो.

"ही कालुंदरं," मी म्हणालो.

आत्यानं काच खाली घेतली. "तुला कसं ठावं?"

"आमच्या खाडीत असतात."

"असतात, मग काय करता त्यांचं?"

मी खरं बोललो. "खातो."

नोकरी मिळाली, पण त्या दिवसापासून पेटीवर जाळीचं झाकण आलं आणि झाकणाला कुलूप. मी पेटीजवळून गेलो की आत्या म्हणायची, "कोकण्या, तोंडातलं पाणी गीळ आणि पुढं चाल."

ती जोडी एका कोकणातल्या गिऱ्हाइकानं पिल्लं असताना हंड्यातून आणून दिलेली. दिसायला देखणी, स्वभावानं वाईट. तळाला एक सपाट दगड होता, तो त्यांचा. त्यावर अंडी घातली की अख्खी पेटीच त्यांची. सोबतीला सोडलेल्या माशांना ती कोपऱ्यात रेटून त्यांचे पर फाडत. आत्यानं असे खूप मासे मेलेले पाहिले होते. "ल्हान ठेवला तर ही त्याला खात्यात," ती म्हणायची. "मरळीचं पोर ठेवलं तर ते मोठं हून यांना खाईल. सोबती बरोबरीचा पायजे, पन त्याची हौस येगळी पायजे. तळ यांचा, वरचं पानी त्याचं. मग निभतं."

कारखान्यातही एक जोडी होती. शंकर आणि त्याची बायको यमुना. चौकटी तेच जोडत, आणि खिडकीजवळचा उजेडाचा कोपरा वर्षानुवर्षं त्यांचा. मला आत्यानं त्यांच्या शेजारी चौकटी जोडायलाच बसवलं. पहिल्या दिवशी माझी हातोडी नाहीशी झाली. मग सरसाचं भांडं लवंडलं, ते माझ्याच चौकटीवर. यमुना शांतपणे म्हणाली, "याच्या आधीचाबी असाच धांदरट होता. गेला बिचारा."

त्यांना संशय, की मी आत्याचा हेर. मला संशय, की या दोघांना काढायला आत्यानं मला आणलंय आणि काम झालं की मलाही काढेल. आत्याला तर सगळ्यांचाच संशय. संध्याकाळी घरी निघताना ती आमचे हात उजेडात धरून सोनेरी वर्ख चिकटलाय का ते बघायची. जेवताना कोणी कोणाकडे पाठ करून बसत नव्हतं.

एकदा तिनं नदीतले रुपेरी, चपळ मासे आणवले. ते तिनं सरळ पेटीत सोडले नाहीत. आधी जोडीला घंगाळात काढलं. पेटीतले सगळे दगड उचलले, जागा बदलून दुसरीकडेच मांडले. मग नवे मासे सोडले, ते पाणी फिरून आले, आणि शेवटी जोडी. "आता कोणाचंच घर ऱ्हायलं नाय," ती म्हणाली. "सगळेच पाव्हणे. पाव्हणा भांडत नाय." मी मान डोलावली आणि कुलपाकडे बघणार नाही याची काळजी घेतली.

त्यानंतर काही दिवसांतच हिरकणी हरवली. काच कापायची हिऱ्याची लेखणी. कारखान्यात तेवढी एकच. शंकर म्हणाला, "नवा माणूस आला आन् हे झालं." मी यमुनेला त्या सकाळी आत्याच्या बैठकीशी वाकलेलं पाहिलं होतं. पण बोललो असतो तरी कोण ऐकणार? मी मनातल्या मनात वळकटी बांधली. आईला काय सांगायचं तेही जुळवत होतो.

आत्या दारात उभी राहिली. "समदं बाहेर काढा. पाट, पेट्या, भुसासुद्धा. हिरकणी घावल्याबिगर कोणी हलायचं नाय."

दुपारपर्यंत कारखाना रिकामा झाला. सगळं रस्त्यात. हिरकणी अखेर आत्यालाच भुशात सापडली. मग सामान आत घेताना ती एकेक जागा दाखवत गेली. शंकर-यमुनेचे पाट मागच्या दाराशी, तिथेही उजेड होता. खिडकीत काचांची मांडणी. मला पुढे, दाराजवळ. "कोकण्या, तू काचा पुसायच्या आन् गिऱ्हाइकाशी बोलायचं. चौकटीला हात लावलास तर बघ."

शंकर दमला होता, भांडला नाही. मी टिकलो. पण यमुनेनंच हिरकणी घेतली होती हा संशय माझ्या मनात पक्का बसला, आणि त्यानंतर पाच वर्षं मी तिच्या हातचं पाणीसुद्धा आधी वास घेऊन प्यायलो.

लढाई सुरू झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आत्या तापानं गेली. कारखाना तिघांनी मिळून चालवा, एवढं सांगून. कुलपाची किल्ली तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खाऊ नको."

आत्याचे दिवस झाल्यावर आम्ही पेटी साफ करायला काढली. जोडी घंगाळात होती. मी दगड उचलत होतो, यमुना ते धुऊन परत देत होती.

"हिरकणी आठवती का?" तिनं विचारलं. "त्या दिवशी सकाळी मी बैठक झाडीत होते. हिरकणी आत्याच्या कनवटीला होती. टोक दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आधीचे सगळे आमी घालवले, तवा तिनं आमचा कोपरा मोडला नाय. तुझ्यासाठी मोडला. म्हनलं, बाईला हा पायजेल दिसतो." तिनं हात पदराला पुसले. "आमच्या पोटावर तर ती आली नाय."

मी दगड मांडले, जुन्या जागी एकही नाही. आधी रुपेरी मासे सोडले. मग जोडी. ती दोघं आपला सपाट दगड शोधत एकदा इकडे गेली, एकदा तिकडे, आणि मग तळाशी थांबली. रुपेरी मासे वरून निघून गेले.

आत्याची बैठक अजून तिच्या जागी होती. यमुनेनं ती उचलून भिंतीला उभी केली.

"बरं," ती म्हणाली, "आता तू कुठं बसनार, ते सांग."