गजाननचं ‘ब्लडी’ कालवण

माझा दोस्त गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत होतो. तोंडातून निघालं, ‘ब्लडी...’ आणि पुढे काय जोडायचं ते सुचेना. शेजारच्या बाई पिशवी उचलून लांब जाऊन बसल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

हा शब्द गजाननचा. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर बांधता बांधता त्याने तो जहाजावरच्या साहेबांकडून उचलला आणि मासळीच्या पिशवीसारखा घरी आणला. लाँच ब्लडी लेट, जावई ब्लडी हुशार. त्याच्या बायकोने, हिरावहिनींनी, चिंबोऱ्यांचं म्हणजे खेकड्यांचं कालवण केलं की बोटं चाटत म्हणायचा, ‘ब्लडी कालवण.’ त्यांच्या हाताचं याहून वेगळं कौतुक त्याने कधी केलं नाही.

मी अलिबागच्या कोर्टात कारकून होतो. शिवीगाळीच्या तक्रारींत हा शब्द कितीदा तरी नकलून काढलेला, म्हणजे इंग्रजीतला मी अधिकारी माणूस! एकदा त्याच्याच ओटीवर, त्याच्याच घरचं कालवण ओरपत मी निकाल दिला, की ही चक्क शिवी आहे. गजाननने तो शब्दच टाकला. काही दिवसांनी वहिनींचा फोन. ‘भावजी, काय सांगितलंत त्यांना? गुमान जेवतात नि उठतात. माझ्या हाताला चव न्हाय राहिली काय?’

धावत गेलो. भांडणात ती शिवी, पण जेवणाला लावली की नुसतं ‘फार’, असं काहीतरी समजावलं. कोर्टाचा निकाल असा जेवणागणिक फिरतो काय, असं त्याने विचारलं. पण त्या दिवशी जेवताना, आधी माझ्याकडे बघून, हळूच ‘ब्लडी’ म्हणाला. वहिनींनी लगेच पातेलं पुढे सरकवलं.

सुतक फिटल्यावर वहिनींनी पहिल्यांदाच चिंबोऱ्या शिजवल्या. त्याचं पान वाढून पाटावर ठेवलं, मग माझं. आणि समोर बसून विचारलं, ‘आता खरं सांगा. ती शिवी व्हती काय? जन्मभर ऐकली मी.’

काय सांगणार... शिवी म्हणावं तर त्यांचा अख्खा संसार खोटा पडतो, नाही म्हणावं तर कोर्टातली माझी सगळी नोकरी. घास घेतला. कालवणात मीठच नव्हतं.

‘ब्लडी कालवण,’ मी म्हणालो.

‘त्यांच्यासारखं न्हाय जमत तुम्हाला,’ वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक नांगी वाढली.