साहेबांना हवी होती ती साक्ष

साहेबांनी माझं मनगट धरलं आणि भर उपासनेत हात वर केला. दोन बोटं तुटलेला उजवा हात. सगळ्या मंडळीला दिसेल असा. बाजारात शेळीचा जबडा उघडून दाखवतात तसा.

"बघा," ते म्हणाले, "देवाला आमच्या या भगिनीला विश्वासात वाढवायचं होतं. म्हणून त्यानं दोन बोटं घेतली. आणि ती आज आनंदात आहे."

पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. अत्तराचे रुमाल.

साहेब म्हणजे शिरवळच्या आमच्या कारखान्याचे मॅनेजर. रविवारी चर्चमध्ये 'वडील', म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. त्यांचे आजोबासुद्धा ख्रिस्ती, म्हणून ते पहिल्या बाकावर. माझी आई मला घेऊन दुष्काळी माण तालुक्यातून आली, आमचा बाप्तिस्मा होऊन पंधरा वर्षं झाली, तरी आम्ही 'नवीन लोक'. चर्चमध्ये जात विचारायची नसते. म्हणून मागचा बाक दाखवतात.

बोटं देवानं घेतली नव्हती. प्रेस मशीननं घेतली. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो सारखा मशीन थांबवतो, माल कमी निघतो, म्हणून साहेबांनी तो बंद करायला लावला. माझ्यासमोर. मी म्हणाले होते, "साहेब, भ्या वाटतं." ते हसले. "विश्वास कमी पडतोय तुझा."

अपघातानंतर तीन दिवसांनी ते साताऱ्याच्या दवाखान्यात आले. सफरचंदं घेऊन. डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. आमेन झालं, आणि पिशवीतून कागद निघाला. उजव्या हाताला बँडेज, म्हणून डाव्या हाताचा अंगठा शाईत दाबून घेतला. मी बारावी पास. पण गुंगीत होते. कागदावर काय होतं ते नंतर कळलं: सेन्सर मीच बंद केला.

आनंद झाला होता, ते खोटं नाही. पंधरा-सोळा दिवसांनी. आई भरवायला बसली होती. तिचा हात मी बाजूला केला, डाव्या हातानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. अर्धी अंगावर सांडली. आणि आतून असं काही भरून आलं की मी रडत रडत हसायला लागले. वाटलं, देव इथंच आहे, या लोखंडी कॉटच्या कडेला, आणि त्याला माझ्याकडून कसलाच कागद नको आहे. आधी मी देवाकडं नुसती मागायची. त्या दिवसापासून त्याच्याशी सरळ बोलायला लागले.

साहेबांना तोच आनंद हवा होता. पुढच्या आठवड्यात सरकारी चौकशी, आणि अर्धी मंडळी त्याच कारखान्यात कामाला. त्यांनी माईक माझ्यापुढं धरला.

"बोल गं, घाबरू नकोस. देवाची इच्छा होती, एवढंच सांग."

मी मनगट सोडवून घेतलं.

"दवाखान्यात मला देव भेटला, हे खरं हाय. लय आनंद दिला त्यानं. पण बोटं त्यानं घेतली न्हाईत. सेन्सर या साहेबांनी बंद करायला लावला. प्रभूला ज्यांनी खिळे ठोकले, त्यांना त्यानं क्षमा केली. पण खिळे मीच मारून घेतले, असं न्हाई लिहून दिलं."

पास्टरनी घाईघाईनं गीत सुरू केलं. पेटीवाल्याला सूर सापडेना. साहेब हसत राहिले. नुसते दात.

बाहेर आईनं मला गाठलं. "आगं, नोकरी जाईल की."

"जाऊ दे, आई."

गेली. दुसऱ्याच दिवशी गेटवर अडवलं. संध्याकाळी मात्र माझ्या शेजारच्या मशीनवरची बाई घरी आली. चहासुद्धा घेतला नाही तिनं. म्हणाली, "सेन्सर बंद करायला लावला तवा मी बी तिथंच हुते. मी बी सांगते."

आता पास्टरांचा निरोप आलाय. क्षमा कर, म्हणतात, आणि अंगठा दिलाय तो कागद तसाच राहू दे. किती सोपी क्षमा. करणारी मी, सुटणारे साहेब.

क्षमा मी करीन. कधी, ते माझं आणि देवाचं बोलणं होऊन ठरेल. आधी चौकशी. सेन्सर कोणी बंद करायला लावला, कोणत्या शिफ्टला, कोण कोण उभं होतं, सगळं सांगणार. साहेबांच्या तोंडावर, त्यांचं नाव घेऊन. माझ्या देवाला मी कुणाच्या गुन्ह्याची ढाल होऊ देणार नाही.