उघडं इंजिन आणि आप्पांची शेवटची फेरी

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भूत-खेत, संकेत वगैरे कुणी बोलायला लागलं की मी विषय बदलायचे... आजही बदलते. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — नेसरी गावात डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. आसपासच्या खेड्यांत रात्री-अपरात्री पेशंट बघायला ती घेऊन जायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. मी कोल्हापुरात नोकरीला आणि एकटीच, म्हणून आई सारखी काळजी करायची. आप्पा म्हणायचे, "तिला स्टेअरिंग धरता येतंय, आता कशाची काळजी?"

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले होते, तेव्हा आप्पांच्या छातीचं दुखणं बळावलं. धड दोन वाक्यं बोलता येईनात. आईचे गुडघे पार गेलेले, तिला प्रवास जमणारा नव्हता. मी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि कोल्हापूरला निघाले. वाटेत चढ आला की गाडी ओढायचीच नाही. मागं काळा धूर. पहिल्या गिअरवर रखडत कसंबसं हॉस्पिटल गाठलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी शाहूपुरीतल्या बाबूराव मिस्त्रींच्या गॅरेजात लावली.

"कार्बन धरलाय ताई," मिस्त्री म्हणाले. "धूर भाईर जायाची वाटच बुजलीया. इंजिनचं हेड, वरचं झाकण, उतरवून सगळं खरवडाय लागतंय."

आप्पांना सांगितलं तर ते हसले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "नीट खरवडून घे म्हणावं. आन् मला घरला न्ये. हितं न्हाई मरायचं मला."

"असं काय बोलता आप्पा..."

"डॉक्टर हाय मी. कळतंय की."

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीही मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन तेच सांगितलं. फार आशा नाही, न्यायचं तर लवकर न्या. दुसरी गाडी बघते म्हटलं तर आप्पा ऐकेनात. स्वतःच्या गाडीतनंच जायचं होतं त्यांना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ग्लानी आली. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. मी नर्सला "जरा जाऊन येते" एवढंच म्हटलं आणि चालत गॅरेजला गेले — मिस्त्रींच्या हातापाया पडायला, की आज कसंही करून गाडी द्या.

पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री एकटेच होते. हेड बाकावर पालथं, व्हॉल्व रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवलेले, फडक्यावर काळ्या खपल्यांचा ढीग. पण मिस्त्री काम करत नव्हते. गाडीपाशी नुसते उभे होते.

"ताई, हितं हात लावा."

मी इंजिनच्या ब्लॉकला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला. लांबून पळवून आणलेल्या गाडीचं इंजिन असतं, तसं तापलेलं.

"सकाळी गार व्हतं," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "रेडिएटरात पाणी न्हाई, वर हेड न्हाई... तापलं कशानं?"

ऊन म्हणावं तर गाडी सावलीत होती. बॉनेटचा पत्रा गार होता, मी मुद्दाम हात लावून बघितला. एकदम आप्पा आठवले. तशीच हॉस्पिटलकडे पळत सुटले. वॉर्डच्या दारातच नर्स सामोरी आली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मी नव्हते तेवढ्यात आप्पा गेले होते.

भाड्याच्या गाडीतून त्यांना नेसरीला नेलं. घरी फोन नव्हता, कुणाकरवी निरोप पाठवायला वेळही मिळाला नव्हता. दिवेलागणीला पोचलो. आई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसले. तिनंच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"कळलंय मला," ती म्हणाली. "दुपारी येऊन गेलं की हे."

"कोण?"

"गाडीचा आवाज आला. आत आलं, हितं माझ्याजवळ बसलं. दम न्हाई, खोकला न्हाई. मी म्हटलं, पोरगी कुठाय? तर म्हणालं, ती गाडी बघाय गेलीया शाहूपुरीत. उन्हाची चालत गेलीया, तिला रागवू नको. मग उठलं. मी भित्तीला धरून दारापातुर गेले तर गाडी न्हाई, कायबी न्हाई. तवाच समजलं मला."

मी गॅरेजला गेले हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नर्सला नाही, आप्पांना नाही — ते तर शुद्धीवरच नव्हते. आणि चालत गेले हे आईला कळायचं काही कारणच नव्हतं.

पुढे गाडी दुरुस्त झाली, काही वर्षं मी ती चालवलीही. मिस्त्रींना दोन-तीनदा त्या दुपारबद्दल विचारलं. ते मान हलवायचे आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचे. मीही भौतिकशास्त्राची पुस्तकं चाळून पाहिली. उघडं इंजिन आपोआप तापायचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

पण खरं सांगू का, मला छळतं ते दुसरंच. तीन दिवस त्यांच्या उशाशी मी बसले होते. आणि शेवटी ते आईला भेटायला गेले... मला नाही भेटले. आईला एकदा मी हे रडत बोलून दाखवलं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "तुझंच तर बोलत व्हतं बाई. दुसरं काय बोललंच न्हाई."