उनागीतला काटा

मंडळी, आज शनिवार. दुपारी एक वाजता मी टोकियोतल्या एका जुन्या खानावळीत, आमचे साहेब मोरी-सान यांच्यासमोर पाठ ताठ करून बसलो होतो. ते मला उनागी खायला घेऊन आले होते. आपली वाम असते ना, तसाच मासा, निखाऱ्यावर भाजलेला.

पाऊण तास झाला तरी काहीच येईना.

"साहेब, आपलं विसरले का हो?"

"आत्ता कुठे मासा कापलाय," ते हसले.

शेवटी लाकडी डब्यात भातावर मांडलेला मासा आला. मी झाकण उघडलं. मग मालवणच्या सवयीने बोटांनी काटे चाचपू लागलो.

तेवढ्यात म्हातारे मालक शेगडी सोडून धावत आले. चेहरा पडलेला. "काटा लागला?"

मी गडबडीने हात मागे घेतला. मोडक्या जपानीत म्हणालो, "नाही, नाही! आमच्याकडे आधी चाचपतात, मग खातात."

"अरे, खा लवकर," मोरी-सान म्हणाले, "नाहीतर आज यांना झोप लागायची नाही!"

घास जिभेवर विरघळला. काटा एकही नाही. माझा शेवटचा घास होईपर्यंत आजोबा तिथेच उभे होते. मग कमरेत वाकले आणि आत गेले.

परक्याच्या घासाची एवढी काळजी करणारा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय? मी तरी आज पहिल्यांदाच पाहिला.