सुग्रीवच्या पोरीचं शूटिंग

रूपालीबद्दल खरं तर कोणा जाणत्या माणसानं लिहायला हवं होतं. पण वडीगोद्रीत तिच्या बापाच्या दुकानाला लागून राहणारा मीच, आणि घडलं ते बरंचसं माझ्यासमोर घडलं. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तिचा बाप सुग्रीव लग्नांचं शूटिंग करतो. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान, बाहेर उन्हानं फिका पडलेला नवरा-नवरीचा बॅनर. रूपाली शाळेत असल्यापासून त्याच्याबरोबर जायची. हळदीत, बायकांमध्ये, कॅमेरा तिच्याकडे. सुग्रीवनं तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती, कोणाचा चेहरा सुटता कामा नये. आमच्याकडे लग्नानंतर सगळे मिळून शूटिंग बघतात आणि प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. एकदा नवऱ्याचा चुलता राहून गेला, तर त्या भावकीनं सुग्रीवला पुन्हा काम दिलं नाही. पोरीचा हात तसाच तयार झाला. एका चेहऱ्यावर थांबायचं, पुढच्यावर सरकायचं.

बारावीला असताना तिनं पुण्याच्या एका संस्थेत सिनेमा शिकायला अर्ज केला. जागा थोड्या, पोरं देशभरातली. नंबर लागला नाही तर अंबडच्या कॉलेजात बी.ए. आणि लग्नसराईत कॅमेरा, असं घरात ठरलेलं. अर्जासोबत तीन मिनिटांची फिल्म मागितली होती. आपल्या घरातलं काहीतरी, मध्ये कुठंही न तोडता घेतलेलं.

तिनं मेंढ्यांची लोकर कातरणं निवडलं. सुग्रीवचा थोरला भाऊ सांडू अजून मेंढ्या राखतो. वर्षातून दोनदा लोकर उतरवतात. त्या दिवशी भावकीतले लोक कात्र्या घेऊन येतात आणि जेवण सांडूकडे. रूपालीला सांडूचे हात हवे होते. पाय बांधलेली मेंढी, कात्री आणि सुटत येणारी लोकर, एवढंच.

पण शूटिंगची बातमी आदल्या दिवशीच फिरली. सुग्रीवची थोरली बहीण शालूआत्या अंकुशनगरहून नव्या साडीत आली. कातरणाऱ्यांनी धुतलेले सदरे घातले. सांडू तर फेटा बांधून तयार.

"काका, फेटा काढा ना. रोजच्यासारखे बसा."

"रोजच्यासारखं कोण पाह्यतंय? तू घे जल्दी, मेंढी हलून राह्यली."

मी बांधावर होतो. थोडा वेळ ती सांडूच्या हातांवर राहिली. मग आत्या सांडूच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कॅमेरा आपोआप तिच्याकडे वळला. तिथून आजीकडे, आजीकडून एकेका कातरणाऱ्याकडे. माणूस एकही सुटला नाही. संध्याकाळी दुकानात पाहिलं तेव्हा सांडूचे हात सुरुवातीला जरासे दिसून गेले होते. मेंढी जवळजवळ नव्हतीच.

"लग्नच झालं हे," रूपाली म्हणाली.

"मंग? सगळे बराबर आलेत," सुग्रीव म्हणाला. त्याला त्यात खरंच काही वाईट दिसलं नाही.

पुन्हा घ्यावं तर सगळ्या मेंढ्या कातरून झालेल्या. लोकर यायला सहा महिने, आणि अर्जाची मुदत आठवड्यावर. ती दुकानात यायची थांबली. मला वाटलं, सोडलं पोरीनं.

इकडे आत्याचा तगादा, शूटिंग दाखवा. शेवटी एका दिवेलागणीला सगळे सुग्रीवच्या आईच्या, आशाबाईंच्या, घरी जमले. मलाही बोलावलं. मी दारातच बसलो. टीव्हीची पिन ढिली होती, म्हणून सुग्रीव बोर्डाशी पिन दाबून उभा. चित्र सुरू झालं आणि सगळे नेहमीसारखे स्वतःला शोधू लागले. रूपाली थोडा वेळ त्यांच्याकडेच बघत राहिली. मग मोबाइल काढला, टीव्हीखालच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवला आणि दाराशी माझ्याजवळ येऊन बसली, हात मांडीखाली दाबून.

"इथं माझी नुसती पाठ दिसून राह्यली!" आत्या ओरडली.

"पाठच बरी हाय तुझी," आशाबाई म्हणाल्या. "मी कुठंय?"

"आये, तू आत्ताच गेली. डोळे मिटून उभी होती," आत्या म्हणाली.

पडद्यावर फेटा दिसला तेव्हा सांडूनं उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

फळीवरच्या मोबाइलमध्ये आलेली हीच फिल्म तिनं पाठवली.

मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा बाप-लेक पुण्याला गेले. आतलं रूपालीनं नंतर सांगितलं. कॅमेरा जागचा का हलला नाही, असं तिथल्या एका बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "हातात असता तर मी परत सगळ्यांचे चेहरे घेत बसले असते." बाई हसल्या की नाही, ते तिला आठवत नव्हतं.

नाव आधी प्रतीक्षा यादीत होतं. मग कोणीतरी जागा सोडली आणि फोन आला. मी कोरडं लिहितो आहे, पण त्या दिवशी दुकानात पेढे होते.

ती जायच्या आधी घरच्यांनी ती फिल्म बघायला मागितली. पुन्हा तेच घर, तोच टीव्ही. सगळे आपापल्याला सापडले. आत्या तर समोरून होती. कोपऱ्यात रूपाली आणि मीही आलो होतो. संपल्यावर आत्यानंच हटकलं.

"काय गं, बापालाच सोडलं व्हय? सगळे आलेत, सुग्रीव न्हाई."

रूपालीनं बोर्डाकडे पाहिलं. सुग्रीव तिथंच होता, पिनेवर अंगठा.

"मी कवा असतो शूटिंगमधी?" तो म्हणाला. "लाव परत. ताईचं मन भरलं न्हाई अजून."

रूपाली उठली. पिन तिनं स्वतः दाबून धरली आणि बापाला सतरंजीवर बसायला पाठवलं. तो आत्याशेजारी मांडी घालून बसला, फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"जराशी तिरपी आलीय," तो म्हणाला.